त्र्यंबकच्या गाडीचं दुसरं इंजिन

नागपूरच्या त्र्यंबक ढोबळेनं अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आपल्या गॅरेजात साडेतीन वर्षं खपून एक मोटार बांधली. फायबरचं अंग आणि पायपांचा सांगाडा खोक्यांतनं आला. चाकं, गिअरबॉक्स आणि इंजिन एका ठोकरलेल्या छोट्या गाडीचं. आठवडाभर कंपनीत कोड लिहायचा, शनिवार-रविवार सांगाड्याखाली उताणा. गाडी दोनच माणसांची, पोट जमिनीला घासंल इतकी बुटकी. बायको पद्मिनी तिला 'सवत' म्हणायची, आणि ते सगळंच काही थट्टेत नव्हतं.

२००६च्या ऑक्टोबरात सवत पहिल्यांदा रस्त्यावर आली. गल्लीच्या टोकाला पोचली आणि आतला एक दांडा तुटून इंजिनाचीच भिंत फोडून बाहेर आला. रस्त्यावर तेलाचं थारोळं. त्र्यंबकनं ती ढकलत परत आणली. ढकलताना डाव्या हाताची बोटं मिटंनात. त्याला वाटलं, गारठा. डिसेंबरात डॉक्टरीणबाईनं रोगाचं लांबलचक नाव सांगितलं आणि मतलब थोडक्यात: स्नायू वाळत जाणार. आधी हात, मग पाय, मग श्वास.

"स्टेअरिंग कधीपर्यंत धरता येईल?" त्यानं विचारलं.

उन्हाळ्यापर्यंत, कदाचित.

तेव्हा दुसरं इंजिन पाहिजे होतं, आणि झटपट.

दोन नजरेत होती. एक मिनिआपोलिसातल्या एका म्हाताऱ्याचं, आठ सिलिंडरचं. त्र्यंबकनं ते सुरू करून ऐकलेलं, एक नंबर. पण ते धूड बसवायचं तर सांगाडा कापायचा आणि पुन्हा वेल्ड करायचा. ते काम आता त्याच्या हाताचं राहिलं नव्हतं. दुसरं मेलेल्या इंजिनाचंच सख्खं भावंड, चार सिलिंडरचं. त्याच भोकांत तेच बोल्ट. ते होतं शिकागोपलीकडच्या एका भंगारवाड्यात, माझ्या शॉमबर्गपासून तासाभरावर. म्हणून बघायला मी.

मी कागलकडचा. २००१ साली नोकरीला आलो तेव्हा आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो माझ्या 'हाय-न्हाई'ला हसायचा, मी त्याच्या 'करून राहिलो'ला. माझ्या बापाचं पंपदुरुस्तीचं दुकान. इंजिन म्हटलं की माझी छाती आपसूक पुढं.

जानेवारीत गेलो. कानशिलं सोलून काढणारं वारं, आणि इंजिन उघड्यावर लाकडी फळीवर. त्याचा फोन आला.

"काय बे, पाहिलं काय?"

"म्होरंच हुभा हाय."

"नंबर जुळते?"

"जुळतोय. भोकं बी मोजली."

"अन् चालते काय?"

"चालतंय की!"

आता आमच्याकडं 'चालतंय की' म्हणजे बेस आहे, हरकत नाही. च्या घेणार? चालतंय की. उद्या येऊ? चालतंय की. नागपूरकराला त्यातनं एवढंच कळलं, की इंजिन सुरू होतं. त्यानं म्हाताऱ्याला नको म्हणून कळवलं.

मी भाड्याचा ट्रक घेऊन सात तासांनी ईडन प्रेरीला पोचलो. इंजिन चेन-पुलीवर टांगलं. पुढच्या मोठ्या बोल्टाला पाना लावून फिरवलं की आतला सगळा संसार फिरतो. त्र्यंबकनं पाना लावला, ओढला. हललं नाही. पुन्हा ओढला. मग पाना खाली ठेवून तो आपले तळवे बघत बसला.

"गेला ना बे जोर," तो म्हणाला. "इतक्या लवकर गेला?"

मी पाना उचलला. दोन्ही हातांनी ओढला, मग पाय रोवून लोंबकळलो. तसूभर नाही.

"त्र्यंबक, तुझा हात न्हाई रं. हे जाम हाय."

त्याचा चेहरा एकदम खुलला. खरंच खुलला. मग काय झालंय ते ध्यानात आलं तसा उतरला.

"तूच तं म्हणला, चालते म्हणून!"

"मी म्हणलं घे, चालतंय."

"काहून असं बोलता बे तुम्ही लोक?"

त्यानं म्हाताऱ्याला फोन लावला. आठ सिलिंडर आदल्याच दिवशी कुणी तरी नेलं होतं.

हा किस्सा आता आमच्या इथल्या मराठी मंडळात फिरतो. गणपतीच्या जेवणाला राजीव कुलकर्णी पानावरनं ओरडतो, "काय पाटील, भात चालतोय का?" लोक हसतात, मीही हसतो. शब्दावर ढकलणं सोपं. खरं असं, की त्या इंजिनाचे प्लग कुणी काढून नेले होते आणि भोकं आभाळाकडं उघडी होती. आत पाणी शिरणार हे बापाच्या दुकानात मला दहाव्या वर्षी कळत होतं. पाना माझ्या खिशात होता. हातमोजा काढायचा कंटाळा केला.

जाम सुटावा म्हणून सिलिंडरांत तेल ओतून ठेवलं, त्यात महिना गेला. मार्चात वरचं झाकण उघडलं, तिसरा पिस्टन गंजून भिंतीला चिकटलेला. मग मी दर शनिवारी भंगारवाडे पालथे घातले. मे महिन्यात त्याच नंबरचं दुसरं मिळालं. उघड्या हातानं पुरते तीन फेरे फिरवलं, मगच उचललं. चार शनिवार-रविवार खपून बसवलं. त्र्यंबक चाकाच्या खुर्चीतनं सांगायचा, मी आवळायचो. कधी कधी तो सांगायचा ते मला कळायचं नाही, कारण जीभही जड पडाय लागली होती.

जूनच्या तिसऱ्या रविवारी इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. गॅरेजाचं दार थरथरलं.

मी म्हटलं, "उचलून शेजारी बसवतो तुला."

"नाही." मग एकेक शब्द तोडत: "बाजूले बसाले नाही बांधली मी. तू जा."

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि वळून आलो. गाडी झकास होती, हे सांगाय पाहिजे. परत आलो तर खुर्ची आत गेली होती. दारात पद्मिनी एकटीच उभी.

"ऐकला त्यांनी आवाज," ती म्हणाली. "आता बंद करा भाऊजी."