सांगलीच्या वाटेवर तापणारी गाडी

फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर आमच्या ह्यांनी सासऱ्यांची जुनी मोटार पुन्हा चालती केली. साताऱ्याहून मेढ्याला नणंदेकडे जाताना ती कधी तापली नाही. वळणांचा रस्ता, गाडी रमतगमत जायची. पण सांगलीला माझ्या माहेरी निघालो, की कराडच्या पुढं काटा लाल पट्टीत. हे गाडी बाजूला घेत, बॉनेट उघडत आणि म्हणत, "आता फुडं न्हाई जमायचं." माघारी वळून हळूहळू आलो, की काटा शहाण्यासारखा खाली.

मला संशय येणारच. भाचीच्या लग्नात माझा भाऊ चारचौघांत ह्यांना म्हणाला होता, "दाजी, हे भंगार कवा इकताय?" तेव्हापासून सांगलीचं नाव काढलं, की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मिस्त्रीनं रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला. गळती कुठंच नव्हती. मग तर माझी खात्रीच पटली, की हेच मुद्दाम काहीतरी करतात. हे अंघोळीला गेल्यावर मी स्टिअरिंगखाली हात घालून एखादं चोरबटण आहे का, तेही चाचपून आले.

भाऊबीजेला पुन्हा तेच. ह्यांचा हात किल्लीकडे गेला.

"बंद करू नका. आज मी बघणार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई तर न्हाई. तुमी निस्ता अ‍ॅक्सिलेटरवर पाय द्या."

पदर खोचून मी बॉनेटपाशी उभी राहिले. ह्यांनी जोरात पाय दिला आणि रेडिएटरखालचा जाड रबरी पाईप माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला. पाय काढला, की पुन्हा गोल. ह्यांना पटेना. मग मी आत बसून पाय दिला, ते वाकून बघत राहिले.

"आयला!" एवढंच म्हणाले.

कराडच्या मिस्त्रीनं पाईप कापून दाखवला. आतली स्प्रिंग गंजून गेली होती. गाडी पळवली, की पंप पाणी जोरात ओढी, पाईप मिटे आणि पाणी अडे. त्यानं नवा पाईप घातला.

दुपारी सांगलीत पोचलो. काटा हलला नव्हता. तरी भावाच्या दारात हे उतरून बॉनेट उघडून उभे राहिले.

"आत या की."

"पाणी बघतो जरा. तू हो फुडं."

उंबऱ्यातून मी वळून पाहिलं. भाऊ बाहेर येऊन त्यांच्याशेजारी वाकला होता. दोघं पाईपाबद्दलच बोलत होते की आणखी कशाबद्दल, ते काही मला ऐकू आलं नाही.