बाहेरची कडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि ज्या बाईंशी मोकळेपणाने बोलायचं म्हणून मी दर गुरुवारी फोन लावते – त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता दमलेय, म्हणून.

सुरुवात सासूबाईंपासून करावी लागेल. आईंना विसर पडायला लागला. आधी चुलीवरचं दूध विसरायच्या, मग माणसांची नावं, आणि मग हे आपलंच घर आहे हेही. दिवसातून कितीदा तरी पिशवी काखेत मारून निघायच्या. "धसईला जायचंय मला. आय वाट बघत असंल." धसई त्यांचं माहेर. त्यांची आई तर माझ्या लग्नाच्याही आधी गेलेली. मी मागे धावायची, हाताला धरून आणायची, आणि रस्ताभर त्या मला चोरटी म्हणायच्या. एकदा मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले – नाही, मला सांगायचंय ते हे नव्हे. पण ते वळ लेकीने पाहिले.

लेक शहापूरला नर्सिंग शिकते. तिने मोबाईलवर समुपदेशन लावून दिलं. घरात आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी असतं म्हणे असं. पुण्याच्या एक ताई, आवाज अगदी सायीसारखा. त्यांची पहिली अट – शांत, एकांताची जागा हवी. मला हसूच आलं. एकांत? आमच्या पाड्यात शिंक आली तरी तिसऱ्या घरातून विचारतात, सर्दी झाली का गो? आणि घरात रेंज येते कुठे? रेंज येते ती वर, पाण्याच्या टाकीखाली. मग ठरलं – गुरुवारी दुपारी मी टाकीखाली. घरी सांगितलं, शिवणाचा ऑनलाइन क्लास आहे. डोक्याच्या बाईशी बोलते म्हटलं असतं, तर आईंच्या आधी मलाच वेडी ठरवली असती.

तिथे कुणीतरी मला विचारायचं, तुम्ही कशा आहात? मी. आई नाही. पहिल्या दिवशी मी नुसती रडले. त्या तासावर मी आठवडा काढायला लागले, खोटं कशाला बोलू.

त्या वेळेला आईंजवळ बुधाबाय असायची. खर्डीच्या बाजूच्या ठाकूरवाडीतून, आदिवासी वस्तीतून, चालत यायची. आईंना आंघोळ घालायची, तेल लावायची, आणि त्या धसईला निघाल्या की म्हणायची, "चला आये, पन आदी भाकर खाऊ." मग दोघी भाकरी खायच्या आणि धसई राहून जायची. मला हे कधी जमलं नाही. मी आपली समजवत बसायची – तुमची आई वारली हो, वारली. कोणत्या माणसाला दिवसातून दहा वेळा हे सांगतात?

तीन पावसाळे झाले त्याला. आवणीचे, भात लावायचे दिवस होते. नवऱ्याने कंपनीतून रजा काढलेली, सगळा पाडा चिखलात. बुधाबायनेही आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या दुपारी जाईन, आमच्याकडंही आवनी हाय. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आईंना जेवू घालून ती गेली. आणि मग माझ्या लक्षात आलं – आज गुरुवार.

एक गुरुवार चुकला असता तर काय बिघडलं असतं? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्नही झिजला. आई झोपल्या होत्या. मी बाहेर आले, दार ओढलं आणि – कडी लावली. बाहेरून.

आमच्याकडे दिवसा दार लोटलेलं असतं. लोटलेलं दार म्हणजे घरात कोणी आहे. जाणारा-येणारा हाक मारतो, आत डोकावतो, पाणी पितो. बाहेरून कडी म्हणजे घर रिकामं. त्या घराकडे कुणी वळून बघत नाही. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं, आणि ते सोयीचंही वाटलं होतं. कुणी आलं नाही म्हणजे मी कुठे गेले हे कुणी विचारणार नाही.

टाकीखाली बसून मी ताईंना सांगत होते की हल्ली माझी चिडचिड कमी झालीय. त्या म्हणाल्या, छान.

परत आले तर आतून आवाज येत होता. हाक नव्हती ती, नुसतं कण्हणं. मी कडी काढली. आई मागच्या दाराशी पडल्या होत्या, पाय वाकडा, पिशवी अंगाखाली. मांडीचं हाड मोडलं होतं. किती वेळ हाका मारल्या असतील? वाटेने कोणी गेलं असेल का, कडी बघून पुढे गेलं असेल का? कुणी पाहिली असलीच, तर अजून बोललेलं नाही.

नवरा बांधावरून धावत आला. त्याने विचारलं, "तू कुठं होतीस?" आणि माझ्या तोंडातून निघालं – क्लासला. बुधाबायला बसवून गेले होते, ती मधेच निघून गेली वाटतं.

विचार करायला वेळही लागला नाही मला. आणि लोकांना विश्वास ठेवायलाही लागला नाही. ठाकरीण ना? मग जाणारच. मला एक शब्द जास्तीचा बोलावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिला पडल्याचं माहीतच नव्हतं. आईंसाठी पानात बांधून रानभाजी आणली होती. नवऱ्याने तिला उंबऱ्याबाहेरच धरली. "म्हातारीला टाकून गेलीस? लाज नाय वाटली?" ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "वयनी, तुमी सांगा ना. मी इचारून गेलते."

मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि आत गेले. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

इथे थांबले असते तर भित्री म्हणवून सुटले असते. पण पुढच्या गुरुवारी मी ताईंनाही तेच सांगितलं. जिथे खोटं बोलायची कुणी सक्ती केली नव्हती, तिथे. रडत सांगितलं – रडणं खरं होतं. ताई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बेजबाबदारपणाचं ओझं तुम्ही का वाहताय? ती तुमची चूक नाही." मग त्यांनी श्वास सोडायला शिकवलं. श्वासाबरोबर अपराधीपणा बाहेर जातोय असं समजायचं. मी समजले. आणि मला बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं. झोप लागायला लागली.

बुधाबायला त्यानंतर पाड्यात कुणी कामाला बोलावलं नाही. आई अजून आहेत, अंथरुणातच. बुधीला बोलव म्हणायच्या काही महिने, मग तेही विसरल्या. सगळं माझ्याच अंगावर आहे. तक्रार कुठल्या तोंडाने करू?

परवा आमच्या बचत गटाची बैठक झाली. शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती. बुधाबायच्या सुनेचं नाव आलं; ती तिथेच दाराशी बसली होती. सून हुशार आहे, हात स्वच्छ, शाळा वाडीपासून जवळ. कुणीतरी म्हणालं, "तिच्या सासूनं काय केलं ठावं हाय ना? पोरांना टाकून जाईल ही पन." मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझंच घर ना ते. मी एक शब्द बोलले असते तर काम तिचं होतं.

मी खाली बघून पदर नीट केला. दुसऱ्या बाईचं नाव ठरलं. सुनेने उठून चपला घातल्या आणि जाताना मला म्हणाली, "आयेला बरं हाय ना आता? सासू इचारत असते."

काल गुरुवार होता. ताईंनी विचारलं, हा आठवडा कसा गेला? मी म्हटलं, चांगला गेला. काही विशेष नाही.