कोंडीरामचा अंगठा

सास्तूरच्या कोंडीराम वाघमोडेला गाव पाठीमागं हसायचं. सहा वर्षं नौदलाच्या विमानतळावर काढलेला माणूस, रोजचा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार, आणि ग्रामसभेच्या रजिस्टरवर मात्र अंगठा! भूकंपानंतर नवं घर मिळालं, त्या कागदावर अंगठा. पोरगा वैजनाथ बापामागं नौदलात गेला, हेलिकॉप्टरचा मेकॅनिक झाला. त्याच्या फॉर्मवरही अंगठाच. "तिथं सही शिकवली न्हाय व्हय?" लोक विचारायचे. म्हातारा शाई धोतराला पुसायचा आणि मेंढरांकडं चालू लागायचा.

आता वैजनाथची पोर हर्षाली निघाली होती. सतराव्या वर्षी नौदलात निवड झाली, आणि हिला तर विमान दुरुस्त नाही, उडवायचं होतं. संमतीपत्रावर तिच्या आईनं, मोनिकानं सही केली. खाली साक्षीदाराची जागा कोरी होती.

"आबा, इथं तुमची सही."

"शाईचा डबा आण."

"अंगठा न्हाय. तुमच्या पेटीतल्या जुन्या कागदावर सही बघितलीय म्या. लई झोकदार हाय."

कोंडीराम पांढराफटक पडला. मग बायकोलाही कधी न सांगितलेलं नातीपुढं बोलून गेला.

त्याचं काम होतं पॅराशूटची घडी घालायचं. कापडाची एकेक चुणी हातानं बसवायची, दोऱ्या ओवायच्या आणि वर चिठ्ठी लावायची: घडी कुणी घातली, कोणत्या तारखेला. खाली सही. वैमानिक चढण्याआधी ती चिठ्ठी वाचायचा. त्या दिवशी राजनसाहेबांनी वाचली आणि हसून म्हणाले, "कोंडीराम ने बाँधा है? फिर क्या डर!" विमान समुद्रावर गेलं ते गेलंच. ना विमान सापडलं, ना साहेब. चौकशीत कोंडीरामवर ठपका आला नाही, पण त्यानं नोकरी सोडली.

"ठपका आला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "छत्री उघडली का न्हाय, एवढंच कुणी सांगावं. रोज पहाटं म्या ती घडी मनात उलगडतो, परत घालतो. कुठंच चुकत न्हाय. अन् साहेब बी येत न्हाईत." त्यानं अंगठा पुढं केला. "म्या सही केली, माणूस गेला. तुझ्या बापाला अंगठ्यावर धाडला, तो दर सुट्टीला घरी येतो. तू बी अंगठ्यावरच जा, बाई."

हर्षालीला रडू आवरेना. पण पोर याच घरातली, हट्टाला पक्की. डोळे पुसून म्हणाली, "साहेब तुमचं नाव वाचून निर्धास्त बसले नव्हं? मला बी तसंच बसायचंय."

म्हाताऱ्यानं पेन घेतलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची सही जशीच्या तशी उतरली. आणि हात न उचलता, जुन्या सवयीनं, त्यानं शेजारी तारीख घातली.

११ नोव्हेंबर १९७८.

मोनिकानं तोंडाला पदर लावला. कोंडीराम त्या आकड्यांकडं बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणी लिहिले होते. हर्षालीनं मुकाट्यानं तारखेवर रेघ मारली, खाली आजची घातली आणि कागद उचलू लागली.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिचा हात धरला.

"थांब. खाडाखोड झाली की तिथं परत सही लागती. नियम हाय."

आणि खाली वाकून त्यानं दुसऱ्यांदा सही केली.