म्हातारीच्या भिंतीवरची सरकारी अक्षरं

बी.ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते भिंतींवर लिहिण्याचं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेत बाईंनी अक्षर घोटून घेतलं होतं, त्याचे उपकार मी आजही मानतो. सरकारी स्वच्छता प्रचाराचा निधी मार्चअखेर खर्च व्हायला हवा होता आणि महाड-पोलादपूरच्या गावांत घोषणा रंगवायच्या होत्या. गेरूचा पट्टा, वर पांढरी अक्षरं, मग फोटो. फोटो जोडला की काम झालं.

वरंधच्या वरच्या अंगाला एका वाडीत रस्त्यालगत एका म्हातारीचं मातीचं घर होतं. एकटीच राहायची. तिच्या दर्शनी भिंतीवर मी लिहिलं, ‘घरामागे शौचालय, घरादाराला आरोग्य’. तिला वाचून दाखवलं.

“म्हंजी मला संडास मंजूर झाला, सायेब?”

“झाला की गो आजे,” शेजारी म्हणाला, “सरकारनं घरावरच लिवून दिलंय. आत पंखा पण लावतील.”

जमलेले सगळे हसले, मीही हसलो. तिला खरं सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी साहेब म्हटलं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा निधी आला. तीच गावं, त्याच भिंती. शिमगा नुकताच झाला होता. पालखी दारी यायची म्हणून वाडीतली सगळी घरं लिपून, चुना मारून लख्ख केलेली. हिची भिंत तेवढी पोपडे सुटलेली.

“लिपली नाय मी,” ती म्हणाली. “पालखीवाले बोलले मला. बोलू देत. अक्षरं गेली तर सरकारला घर कसं गावंल? गुडघे धरलेत, सकाळचं खाली व्हाळाच्या पाण्याकडं उतरवत नाय. यंदा होईल ना?”

“आजी, अर्ज केला होता का?”

“ह्यो काय मग?” तिने भिंतीवर हात ठेवला.

अर्ज तालुक्याच्या कचेरीत द्यावा लागतो, हे मला माहीत होतं. पिशवीत कागद होता, खिशाला पेन होतं. पण अजून दोन वाड्या उरकायच्या होत्या.

“वर कळवतो,” मी म्हणालो. जुन्या अक्षरांवरून रंग फिरवला आणि तिला भिंतीपाशी उभी करून फोटो काढला. तिने पदर नीट केला.

जूनमध्ये मला शाळेत नोकरी लागली. त्यानंतर मी कितीतरी लोकांचे अर्ज लिहून दिले. दहा मिनिटं लागतात एका अर्जाला. त्या वाडीत मात्र गेलो नाही. वेळ झाला नाही, असं घरी सांगायचो. खरं तर, वर काय कळवलंत, असं ती विचारील, याची भीती होती.