अनंतरावांची सजलेली भिंत

अनंतरावांच्या घरी मी मागची खोली भाड्याने घेतली तेव्हा त्या घराशी पहिली ओळख नाकाने झाली. भिजलेलं गोणपाट, शिळी कणीक आणि त्यावर उदबत्ती, असा तो वास होता. उदबत्तीमुळे तो जास्तच किळसवाणा व्हायचा.

अनंतराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मासिकांतलं ‘टाकाऊतून टिकाऊ’ वाचायचं आणि शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांवर करून बघायचं, हा त्यांचा उद्योग. बांगड्यांच्या काचांचं तोरण, तेलाच्या डब्याचा दिवा, जुन्या पातळाचे पडदे. माझ्या घशाखाली जेवण उतरायचं नाही ते मात्र बाहेरच्या खोलीतल्या भिंतीमुळे. वर राहणाऱ्या आप्पासाहेबांच्या न्हाणीघराचा पाइप तिच्यात झिरपायचा. अनंतरावांनी तिच्यावर आधी कॅलेंडरं चिकटवली, मग थर्माकोल लावला, मग आरसे टाचलेलं गोणपाट ठोकलं. थराखाली थर कुजत गेले.

“वर जाऊन सांगा ना,” मी म्हणालो.

“त्यांच्याशी आमचं बोलणं नाही.”

“का?”

“त्यांच्या कुंडीचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर पडलं होतं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली नाही.”

सदरा केव्हाच फाटून पोतेरं झाला होता. अबोला मात्र नवाकोरा होता.

अशात अनंतरावांची लेक नीरजा पहिल्या बाळंतपणाला येणार असं ठरलं. लोणी काळभोरच्या तिच्या सासूबाई, मथुराबाई, डोहाळजेवणाला येऊन घर बघणार आणि मगच तिला ठेवणार. तिच्या आईने, मंदाकिनीकाकूंनी, दिवस मोजायला घेतले. अनंतरावांनी मैद्याची खळ शिजवायला घेतली, गुलाबांचा कागद आणला.

“खळीत मोरचूद घाला,” काकू म्हणाल्या. “नाहीतर झुरळं लागतील.”

“बाळाच्या खोलीत विष? तू आजी आहेस की कोण?”

मैदा, पाणी आणि प्रेम एवढ्यावर गुलाब चढले. आठवड्यात त्यांच्या पाकळ्यांना काळे ठिपके आले. रात्री कागदामागून कुरकुर ऐकू यायची. मी कानात कापूस घालून झोपायचो.

डोहाळजेवणाला नीरजाला हिरव्या साडीत त्या गुलाबांपुढेच बसवलं. ओटी भरताना काकूंचं कोपर भिंतीला लागलं. ओला कागद साय सुटावी तसा सुटला आणि मागून झुरळं आली. ओटीतल्या नारळावर, पेढ्यांत, नीरजाच्या खांद्यावर. मागे उरली ती बुरशीने केसाळ झालेली भिंत.

मथुराबाईंनी सुनेच्या खांद्यावरचं झुरळ चिमटीत धरून बाहेर टाकलं. “घर लई सजवलंय, व्याही. पन भिंत वली हाय. पोरगी मी माघारी न्हेते.”

नीरजाने आपली पेटी जवळ ओढली. काकूंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

अनंतराव, हाताला खळ तशीच, जिना चढले. मी मागोमाग गेलो. आप्पासाहेबांनी दार अर्धंच उघडलं.

“आपला पाइप गळतो.”

“कधीपासून?”

“कॅलेंडरांच्या आधीपासून.”

“अहो, मग सांगायचं. आम्हाला वाटलं, तुम्हाला भिंतीची हौस. जेव्हा बघावं तेव्हा नटवत असता.”

अनंतरावांनी हे गिळलं. झुरळ गिळावं तसं, पण गिळलं. “माझी लेक परत चालली आहे,” ते म्हणाले.

आप्पासाहेबांनी दार पूर्ण उघडलं. नळ तेव्हाच बंद झाला, पाइप दुसऱ्या दिवशी बदलला.

गुलाब, गोणपाट, थर्माकोल मी आणि अनंतरावांनी खरवडून काढलं. तळाच्या कॅलेंडरातल्या देवांना मिशा फुटल्या होत्या, त्याही बुरशीच्या. भिंत सुकली, चुना लागला. मथुराबाई पुन्हा आल्या, भिंतीला गाल लावून पाहिला आणि नीरजाची पेटी खाली ठेवली.

आता तिथे दोरीवर दुपटी वाळतात. परवा अनंतराव त्या दोरीच्या खिळ्याला चमकी गुंडाळत होते. काकूंनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली.