भोक पडलेली समई

दिल्लीत एका शेठजींनी स्वतःच्या पैशानं आधुनिक कलेचं केंद्र काढलंय. मुलीनं मला तिथं नेलं. पांढऱ्याशुभ्र दालनात मधोमध एकच पितळी समई होती, तीही तेलाच्या वाटीच्या बुडाला भोक पडलेली. पाटीवर लिहिलं होतं, ‘रिक्ततेचा प्रकाश’. मला काही कळलं नाही, म्हणून मी बराच वेळ मान डोलावली आणि अभिप्रायाच्या वहीत ‘अंतर्मुख झालो’ असं लिहून आलो.

कुंभकोणमला घरी परतल्यावर, जवळच्याच समयांसाठी प्रसिद्ध नाचियार्कोविल गावाच्या बसमध्ये मी शेजारच्या माणसाला समईचा फोटो दाखवला. त्याची बोटं भाजून काळवंडली होती. तो समया ओतणारा निघाला. फोटो बघून त्यानं मान खाली घातली.

“सार, ही माझी. वरचा हंस माझ्याच हातचा. आम्ही प्रत्येक समईत तेल घालून बघतो, गळली की वितळवतो. ही वितळवायलाच ठेवली होती. एक बाई हीच मागून घेऊन गेल्या.”

“तिथं तिला फार मान आहे हो,” मी म्हणालो.

“मान कसला! माझी चूक राजधानीत मांडलीय. एवढी शिकलेली माणसं, एकानंही तेल घालून पाहिलं नाही?”

त्या माणसांत मीही होतो, हे मी गिळलं.

उतरल्यावर तो खिडकीशी आला. “सार, त्यांना कळवा. परत पाठवली तर नवी ओतून देतो, फुकट.”

मी कळवलं. केंद्राचं उत्तर आलं: कारागिराची विनंती अत्यंत बोलकी वाटली, म्हणून ती चौकटीत बसवून समईशेजारी लावली आहे. तिच्याखाली माझं ‘अंतर्मुख झालो’सुद्धा.