सरूआत्याचा पाळणा आणि चार भोंगे

राखेचे ट्रक परळीहून ज्या रस्त्यानं धुरळा उडवत जातात, त्याच रस्त्याला जालिंदरचं साउंडचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची एक खोली. गिऱ्हाइकानं आत येऊन अँप्लिफायरकडं बोट दाखवत ‘किती वॅटचं मशीन हाय?’ असं विचारलं की याचं डोकं सणकतं.

‘वॅट काय इचारतो बे? मशीन किती देतं आन् बॉक्स किती खातो ते इचार. भोंगा म्हंजी पेंढीभर कडब्यावर दिवसभर नांगरणारा बैल. ह्यो बासचा डबा दहा पेंढ्या खातो, तवा कुठं उठून हुबा ऱ्हातो. दोघांना एकाच मशीनला जुंपलं तर मरतो कोन? गरीब भोंगा.’

लहान मशीननं स्पीकर जळत नाही, अशी सगळ्यांची समजूत. जालिंदर सांगून थकला, की लहान मशीन पिळून काढलं की आवाज फाटतो आणि फाटक्या आवाजानं भोंग्यातली केसासारखी तार तापून जळते. तीस वर्षं त्यानं हेच शहाणपण गावभर वाटलं. आता ऐका त्यानं स्वतः काय केलं ते.

सरूआत्या म्हणजे त्याच्या बापाची धाकटी बहीण, सत्तरीच्या पुढची. आई गेल्यावर याला तिनंच वाढवलं. जयंतीला वस्तीवर बाबासाहेबांचा पाळणा तीच म्हणते. शब्द तिचे, चाल तिची. चाळीस वर्षांत तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिलेली नाही. यंदा मार्चमध्ये तिचा आवाज घोगरा झाला, म्हणून जालिंदरनं तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं. गाठ वाईट होती. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. तारीख मिळाली अठरा एप्रिल, जयंतीनंतर चारच दिवसांनी.

‘बारकी गाठ हाय, आत्या. काढली की मोकळी झालीस,’ असं त्यानं तिला सांगितलं. खरं काय ते त्याला आणि त्याच्या बायकोला, दीपमालाला, एवढ्या दोघांनाच ठाऊक.

घशाला आराम द्या म्हटल्यावर आत्यानं दहा दिवस तोंडच शिवलं. पाणी हवं असलं की तांब्या दाखवायची, दीपमालावर रागावली की ताट वाजवायची. होता नव्हता तेवढा आवाज ती पाळण्यासाठी राखून ठेवत होती.

म्हणून जालिंदरनं जुने चार भोंगे उतरवून पुसले. तिच्या उरल्यासुरल्या आवाजाला भोंग्याइतकं उचलून धरणारं दुसरं काही नव्हतं. अडीचशे वॅटचं मशीन, बटण निम्म्यावर, तरी मैदानाच्या टोकापर्यंत शब्द न शब्द गेला असता.

चौदा तारखेला दुपारी सौरभ आला. पुण्यात कंपनीत कामाला असलेला हा पोरगा यंदा जयंती कमिटीचा अध्यक्ष होता. त्यानं टेम्पोतून बासचे दोन जंगी डबे उतरवले.

‘काका, नुस्ते भोंगे? एष्टी स्टँड हाय का हे? छातीत दणका बसला पायजे.’

‘ह्यांना मोठं मशीन लागतंय, निराळं. माज्याकडं न्हाई.’

‘मंग ऱ्हाऊ द्या. काकाच्या मशीनमधी दम न्हाई म्हनून सांगतो पोरांना. पुढल्या टायमाला माजलगावचा डीजे आनू.’

दम नाही! जालिंदरला ते सुईसारखं टोचलं. आजचा दिवस बासचा नाही, माझ्या आत्याचा आहे, हे त्यानं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि घटकाभरात ते आत्याच्या कानावर गेलं असतं. हे झालं एक कारण. दुसरं कारण सरळ आहे, तो इरेला पेटला होता. कळतं पण वळत नाही म्हणतात ते असं. बास आत शिरू नये म्हणून त्यानं भोंग्यांना कंडेन्सर लावले आणि डबे त्याच मशीनला जोडून दिले.

बुद्धवंदना सकाळीच विहारात झाली होती. पाचला मैदानात मोबाइलवरची गाणी लागली, पोरं नाचू लागली. सौरभ लांबून अंगठा वर करत होता, ‘वाढवा, वाढवा.’ जालिंदर बटण फिरवत गेला. मशीनवरचा लाल दिवा नुसता लुकलुकायला हवा, तो पेटलेलाच राहिला, म्हणजे आवाज फाटत होता. तारेवरचं वॉर्निश जळल्याचा वास आला. हा वास त्याच्याइतका परळी तालुक्यात कुणाच्या ओळखीचा नाही. तरी त्यानं मनाला सांगितलं, जनरेटरचा असंल.

गाणी थांबली. सौरभनं नाव पुकारायच्या आत आत्यानं त्याच्या हातातला माईक ओढून घेतला, पदर सारखा केला आणि पाळणा उचलला.

डब्यांतून नुसतं ‘हूं हूं’ आलं. तोंडावर गोधडी दाबून कुणी बोलावं तसं. शब्द एकही नाही. जालिंदर या भोंग्याकडून त्या भोंग्याकडं पळाला. चारही मुके. आत्यानं दचकून डब्यांकडं बघितलं, मग डोळे मिटून जोर लावला. मानेच्या शिरा टरारल्या. दुसऱ्या कडव्याला आवाज चिरकला, तिसऱ्याला बसला. पुढं बसलेल्या बायकांनी कसाबसा पाळणा पुरा केला. दहा-बारा फोन वर धरलेले होते, त्यांत ते ‘हूं हूं’ तेवढं उतरलं.

जालिंदर स्टेजमागं भोंगा उघडून बसला. तार काळी ठिक्कर पडली होती. आत्या त्याच्यापाशी आली. तिच्या तोंडून आता निव्वळ वारा येत होता.

‘जाल्या, काय झालं रं?’

‘भोंगे जळले, आत्या. माजी चूक हाय. मला कळत व्हतं तरी केलं.’

‘मशीनच बिघाडलं व्हतं म्हन की!’ तिचा चेहरा खुलला. ‘मी लई भ्याले बाबा. मला वाटलं, माजाच आवाज गेला.’

ती हसली. मग त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, ‘जाऊ दे, तोंड नको पाडू. आता घसा धरलाय. पुढल्या साली नीट लाव, समदा म्हनते.’

‘लावतो, आत्या,’ जालिंदर म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना.